पट्टी आली, पत गेली

मायक्रोसॉफ्टनं २००६ च्या मे महिन्यात ऑफिस २००७ ची दुसरी बीटा सगळ्यांसाठी फुकट खुली केली आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तीस लाखांहून जास्त वेळा ती उतरवली गेली. मग कंपनी दर प्रतीला दीड डॉलर घेऊ लागली. अर्धंकच्चं सॉफ्टवेअर, आणि त्याचे वर पैसे! प्रस्तुत लेखकाला ते भाच्यानं सीडीवर आणून दिलं होतं, म्हणजे फुकटच. पण दीड डॉलरचा संताप त्यानं पदरमोड केल्यासारखा मनात बाळगला.

संतापाचं खरं मूळ अर्थातच दीड डॉलरमध्ये नव्हतं. प्रस्तुत लेखक तेव्हा कचेरीत एक्सेलमधला जाणकार म्हणून ओळखला जाई, आणि ही ओळख त्यानं स्वतःच मेहनतीनं पसरवली होती. कुणाची बेरीज अडली, कुणाचं उभं पान आडवं छापून आलं, की हाक येई, "अहो, जरा येता का?" तो लगेच उठत नसे. हातातलं काम (बहुधा सॉलिटेअर) खाली दडवून, चष्मा पुसून, सावकाश जाई. दुसऱ्याच्या खुर्चीत न बसता उभ्यानंच वाके, दोन-तीन कळा दाबी आणि चकार शब्द न काढता परत येई. काय दाबलं ते सांगायचं नाही, हा नियम. सांगितलं तर पुढच्या वेळी हाक कोण मारणार?

आणि बीटा उघडून बघतो, तर मेन्यूच गायब. फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट ही रांग नाही, तिच्याखालच्या टूलबारची दाटी नाही. त्या जागी एक रुंद पट्टी, म्हणजे रिबन. ज्या गोष्टी हुडकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, त्या तिथं चित्रासकट आणि नावासकट उघड्यावर मांडलेल्या. फ्रीझ पेन्स! पिव्होट टेबल! कालच रुजू झालेल्या पोराला दिसावं अशा ठिकाणी पिव्होट टेबल!

रिबनची बाजू मांडायची तर ती भक्कम होती, हे मान्य करायला प्रस्तुत लेखकाला बराच वेळ लागला. वर्डची विंडोजवरची पहिली आवृत्ती १९८९ ची. तिच्यात शंभरेक आज्ञा होत्या. २००३ च्या वर्डमध्ये त्या दीड हजारांवर गेल्या आणि टूलबारच ३१ झाले. लोक मायक्रोसॉफ्टकडे नव्या सोयी मागत, त्यांतल्या कित्येक आधीपासूनच आत होत्या, सापडत नव्हत्या एवढंच. त्यावर २००० च्या आवृत्तीत एक उपाय केला होता: क्वचित वापरलेल्या आज्ञा मेन्यू आपणहून लपवू लागला. म्हणजे जे आधीच सापडत नव्हतं, ते आता जागाही बदलू लागलं. या घोळातून बाहेर पडायला नव्या रचनेची मंडळी कामाला लागली. त्यांच्यातले जेन्सन हॅरिस बीटाच्या काळात प्रत्येक निर्णयामागची कारणं जाहीरपणे लिहीत. त्यांनीच दिलेला एक आकडा प्रस्तुत लेखकाला फार लागला. वर्ड २००३ मध्ये लोक ज्या आज्ञा देतात, त्यांतल्या साधारण ३२ टक्के फक्त पाच आहेत: पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. एकट्या पेस्टचा वाटा ११ टक्क्यांहून जास्त.

दीड हजारांचा दरबार आणि एक-तृतीयांश कारभार पाच जणांच्या हाती! प्रस्तुत लेखक ज्या आज्ञांच्या जोरावर मिरवत होता, त्या कुणाला लागतच नव्हत्या.

इथं ऑल्ट-ई-एस-व्हीबद्दल थोडं सांगायला हवं. मुळात इथं त्याचं काही काम नाही, पण कचेरीत त्याचं ऐकून घ्यायला आता कुणी उरलेलं नाही. एक्सेलमध्ये सूत्र सोडून फक्त आकडा चिकटवायचा, तर जुन्या मेन्यूत एडिट, मग पेस्ट स्पेशल, मग व्हॅल्यूज असं जावं लागे. हिशेबातली पट्टीची माणसं माउसला हात लावत नसत. डाव्या हातानं ऑल्ट, ई, एस, व्ही आणि उजव्या करंगळीनं एंटर, इतक्या वेगानं की बघणाऱ्याला एकच आवाज ऐकू यावा. आता रिबन आली, एडिट मेन्यू गेला. मग ही वाटही बुजायला हवी होती. प्रस्तुत लेखकानं श्राद्धाच्याच तयारीनं ऑल्ट आणि ई दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली. तिचा अर्थ असा, की तुम्ही जुन्या ऑफिसमधल्या कळा दाबताय, दाबत राहा. त्यानं एस दाबलं, व्ही दाबलं, एंटर मारला. आकडा चिकटला! घर पाडून नवी इमारत उभी केलेल्यांनी जुन्या दाराची घंटा तेवढी चालू ठेवली होती. मेन्यू नाही, पण त्याच्या कळा आहेत, आणि विंडोजवरच्या एक्सेलमध्ये आजही आहेत. ज्यानं हे केलं त्या अनामिक अभियंत्याला प्रस्तुत लेखकानं मनोमन हात जोडले, आणि हा शोध अर्थातच कुणाला सांगितला नाही.

बीटा वापरणाऱ्यांना मत कळवायला दोन चेहरे दिले होते, एक हसरा आणि एक पडलेला. जे आवडलं नाही त्यावर पडलेला चेहरा दाबायचा आणि दोन ओळी लिहायच्या. प्रस्तुत लेखकानं हसऱ्याला कधी हात लावला नाही. त्याच्या दोन ओळी मोठ्या भारदस्त इंग्रजीत असत. त्यांत 'सर्वसामान्य वापरणाऱ्यांच्या वतीनं' असा सूर हमखास लागे.

त्या सर्वसामान्य वापरणाऱ्यांपैकी एक त्याच्या समोरच्याच टेबलावर बसत होत्या.

बाई निवृत्तीला टेकलेल्या. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागू लागलं, तेव्हा महाराष्ट्रात पन्नाशीच्या असंख्य माणसांनी संध्याकाळी क्लासला जाऊन, नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकून घेतलं. बाई त्यांतल्याच. त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही होती. तीत प्रत्येक कामाच्या पायऱ्या सुवाच्य अक्षरात: 'फॉरमॅट, वरून पहिलं, मग डावीकडून दुसरं.' इंग्रजी नावांपेक्षा जागा पक्क्या. कचेरीत नवी यंत्रं आली आणि त्यांत खरंखुरं ऑफिस २००७ निघालं, त्या सकाळी बाई वही उघडून पडद्याकडे बघत बसल्या. हाक मारली नाही. शेवटी प्रस्तुत लेखक बिनबोलावता गेला, तर म्हणाल्या, "हे सगळं चुकीचं झालं का हो?" त्यांना वाटलं होतं, वहीत आपणच काहीतरी चुकीचं लिहून घेतलंय.

याचा राग त्याला अजून येतो. वहीच्या भरवशावर काम करणारं माणूस बीटा उतरवून घेत नाही, पडलेला चेहरा दाबत नाही. त्याचं मत तीस लाखांत कुठं येत नाही. रचना सोपी झाली हे खरं, पण ती नव्यानं येणाऱ्यासाठी सोपी झाली. ज्यांनी अवघड वाट कष्टानं पाठ केली होती, त्यांचे कष्ट कुठल्याच हिशेबात धरले नाहीत.

मग दोघांनी बसून वही नव्यानं लिहिली. त्यातही एक अडचण होती. उघडणं, सेव्ह करणं, छापणं हे सगळं डाव्या कोपऱ्यातल्या एका गोल बटणाखाली गेलं होतं, आणि ते बटण बाईंनाच काय, पुष्कळांना नुसतं शोभेचं बोधचिन्ह वाटे. वहीत गोल काढून ठेवला. बाईंनी विचारलं, "आता हे पुन्हा नाही ना बदलणार?" छे, छे, असं प्रस्तुत लेखकानं मायक्रोसॉफ्टच्या वतीनं ठामपणे सांगून टाकलं.

२०१० च्या आवृत्तीत ते गोल बटण गेलं आणि त्या जागी पुन्हा 'फाइल' आलं. सुदैवानं तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या.

जुलै २०१२ मध्ये पुढच्या ऑफिसची झलक आली. सगळं पांढरंफटक, कडा नाहीत, सावल्या नाहीत, टॅबची नावं मोठ्या लिपीतल्या इंग्रजीत ओरडणारी. डोळे दुखतात म्हणून लोकांनी तक्रारी केल्या. पक्क्या आवृत्तीत पांढऱ्याच्या जोडीला फिका आणि गडद राखाडी रंग निवडता येऊ लागला. राखाडी हीच लोकभावना होती म्हणायची. या खेपेला जुन्या रचनेच्या बाजूनं जे हिरिरीनं बोलत होते, त्यांतले बरेचजण सहा वर्षांपूर्वी त्याच रचनेला शिव्या घालणारे होते. प्रस्तुत लेखक त्यांत पुढं होता. "काहीही म्हणा, २००७ ची रिबन फार विचार करून केली होती," असं तो जेवणाच्या सुट्टीत नवीन पोरांना ऐकवी. पोरं ऐकून घेत आणि गूगल शीट्समध्ये काम करत. तिथं गंमत म्हणजे फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट अशी रांग आहे.

ज्यांना अजूनही रिबन डोळ्यांपुढं नको असेल, त्यांनी कंट्रोल धरून एफ-१ दाबावं, ती मिटते. पुन्हा तेच दाबलं की परत येते. हे प्रस्तुत लेखकानं सांगितलं असं कचेरीत कुणाला कळू देऊ नये, ही विनंती.