दोनशे मीटर, पाणी लागलं तर

चांदूर बाजारात स्कुबाचं डिजिटल घड्याळ घ्यायला उमेद लागते. समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. जवळ आहे ती पूर्णा, आणि उन्हाळ्यात तिच्यात बुडी मारायची तर आधी आडवं पडावं लागतं. तरी मालवणची सहल ठरली की गडी आधी घड्याळ शोधतो. पोहणं नंतर पाहू.

डब्यावर ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ वाचून तो खूश होतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे घालून हात धुवायला हरकत नाही. ५० मीटरवालं पोहण्यापुरतं. खरं डायव्हिंगचं घड्याळ आयएसओ ६४२५ मानकाचं, निदान १०० मीटरचं. बाजारात भाव मात्र २०० मीटरवाल्याला. शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवायला डाइव्ह कॉम्प्युटर लागतो, तो वेगळाच. आणि मालवणात हौशी पर्यटकाला नेतात फार तर दहाएक मीटर, तेही मानगूट धरून. वर कधी यायचं, हे धरणारा ठरवतो.

“मंग २०० मीटरचं कायले पायजे बा?”

“गावात दाखवाले, भाऊ!”

२०० मीटर म्हणजे ६५६ फूट. आपल्या संत्र्याच्या पट्ट्यात काही बोअर त्याच्याही खाली गेलेत. म्हणजे डायव्हिंगमध्ये वऱ्हाड कोकणाच्या केव्हाच पुढे आहे. फक्त आपल्याकडे खाली मोटर जाते आणि मालक वर काठावर गुदमरतो.