जहाज घेतलं, आता जायचं कुठे?

काळ्या पाण्यावर निघालेल्या कैद्यांनी जहाजच पळवलं, असं कुठे वाचलं की माझ्यातला पुणेकर लगेच विचारतो: पळवलंत, छान केलंत, पण पुढे जाणार कुठे?

१८२९ च्या ऑगस्टात टास्मानियाच्या एका खाडीत ‘सायप्रस’ नावाचं जहाज खराब हवेमुळे थांबलं होतं. पहाऱ्यावरचे लेफ्टनंटसाहेब होडी घेऊन मासे पकडायला गेले आणि इकडे कैद्यांनी ताबा घेतला. (साहेबांना हसू नये. दुपारी एक ते चार आपल्याकडूनही कोणीही काहीही नेऊ शकतं.) अठरा जण निघाले. जहाज हाकण्यात खरा वाकबगार विल्यम स्वॅलो. न्यूझीलंड वगैरे करत १८३० च्या जानेवारीत स्वारी थेट जपानला! एका सामुराईने कोळ्याचा वेश करून जहाज न्याहाळलं, चित्रं काढली, शिवाय जहाजावरचं कुत्रं खायचं नसून लाडाचं दिसतंय, हेही लिहून ठेवलं. पाणी आणि सरपण मागणाऱ्या पाहुण्यांना मिळाले मात्र तोफगोळे. पुढे चीनजवळ जहाज बुडवून, भलत्याच जहाजाचे खलाशी असल्याची थाप मारत स्वॅलो लंडनला पोहोचला. तिथे पकडला गेला, आणि सरकारने त्याला पुन्हा टास्मानियालाच धाडलं.

१८५४ मध्ये कलकत्त्याहून पिनांगला निघालेल्या ‘क्लॅरिसा’वरच्या हिंदी कैद्यांनीही बंड केलं. ते लागले ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला. तो मुलूख कंपनीने नुकताच गिळलेला.

आमच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी जहाज नाही पळवलं. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातला हा कारकून. आई अत्यवस्थ असताना साहेबाने वेळेवर रजा दिली नाही, ही सल त्यांच्या मनात कायमची राहिली. बंड झालं, जन्मठेप झाली, १८८० मध्ये रवानगी एडनला. तिथे त्यांनी कोठडीचं दारच बिजागरीतून उखडलं आणि निघाले. या वेळी रजेचा अर्ज केला नाही.

पण बाहेर एडन होतं. सह्याद्रीत डोंगर ओळखीचे, रामोशी सोबतीला, रात्री भाकरी देणारं एखादं घर तरी होतं. इथे कोणाच्या पडवीत शिरायचं? लवकरच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगातच वारले.

त्यांचं स्मारक पुण्यात संगम पुलापाशी आहे, सीआयडीच्या आवारात. म्हणजे अजूनही पोलिसांच्याच नजरेखाली.