उद्धटपणाचे पहिले धडे

ही पुस्तिका आईवडिलांसाठी नाही. त्यांना पासवर्ड, ओटीपी आणि ऑनलाइन चोरांपासून बचाव शिकवायला बसलेल्या मुलामुलींसाठी, सुनांसाठी, जावयांसाठी आणि न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर वर्ग घेणाऱ्या भाच्यांसाठी आहे. नातवंडांनी ती वाचू नये. ती "आजी, दे इकडे" म्हणून फोन ओढून घेतात, अंगठ्याने काहीतरी करतात आणि परत देतात. ह्याला शिकवणे म्हणत नाहीत.

साहित्य

एक स्मार्टफोन (तुमचाच जुना, नवा दिलात तर तो खोक्यासकट कपाटात जातो), जवळचा चष्मा, लांबचा चष्मा, गेल्या वर्षीची कोरी राहिलेली डायरी, बॉलपेन, चहा. संयम बाजारात मिळत नाही, घरून आणावा.

विद्यार्थ्याची पूर्वतयारी

ही आधी नीट तपासा. समोर बसलेल्या गृहस्थांनी लॉकरची किल्ली कुठे असते हे सख्ख्या भावाला आजवर सांगितलेले नाही. कुलूप लावल्यावर ते ओढून बघतात, जिना उतरून गेल्यावर पुन्हा वर येऊन ओढून बघतात. बाईंनी गावाला जाताना पाटल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्या आहेत आणि कोणत्या डब्यात, हे गृहस्थांनाही माहीत नाही. दारावर 'विक्रेत्यांस सक्त मनाई' अशी पाटी आहे. तेव्हा 'सुरक्षितता म्हणजे काय' इथून सुरुवात करू नका. त्या विषयात तुम्हीच कच्चे आहात. तुमच्या सगळ्या खात्यांना एकच पासवर्ड आहे.

पाठ पहिला: डायरी

बाबा पासवर्ड डायरीत लिहितात म्हणून त्यांच्यावर ओरडू नका. संगणकावर पासवर्डची पद्धत ज्यांनी आणली असे मानतात, ते एमआयटीचे फर्नांडो कॉर्बाटो २०१४ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, एका मुलाखतीत सांगून बसले की पासवर्ड हे आता एक दुःस्वप्न झाले आहे आणि आपण स्वतःचे पासवर्ड कागदावर उतरवून ठेवतो. जनकाचीच ही अवस्था, तर निवृत्त हेडक्लार्कांनी का लाजावे? कंबोडियातल्या कुठल्याशा आवारात बसलेल्या चोराला डोंबिवलीच्या कपाटातली डायरी दिसत नाही.

पथ्ये थोडी आहेत. एटीएमच्या कार्डावर मागच्या बाजूला पिन लिहायचा नाही. डायरीचा फोटो काढून तो 'जोशी परिवार' ग्रुपवर 'सर्वांनी जपून ठेवा' असा टाकायचा नाही. आणि फोनच्या यादीत 'एटीएम काका' नावाचा चार आकडी नंबर असेल, तर तो आज संध्याकाळीच पुसून टाकायचा.

पाठ दुसरा: पासवर्ड रचना

एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर काही महिन्यांनी बदला: ह्या जाचाचे मूळ २००३ सालच्या एका अमेरिकी सरकारी दस्तऐवजात आहे. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल पश्चात्ताप होतो असे जाहीर सांगून टाकले. कारण माणसे सगळीकडे सारखीच. चिन्ह मागितले की लोक नातवाच्या नावापुढे ते जिलबीसारखे ॲट लावतात, त्यापुढे एक-दोन-तीन, आणि बदलायची वेळ आली की एक-दोन-तीन-चार.

लांबी महत्त्वाची. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार शब्द घ्या: अडकित्ता, मालवण, बुधवार, छत्री. लक्षात राहतात आणि यंत्राला ओळखायला जड जातात. मात्र हे इंग्रजी अक्षरांत लिहायचे असतात आणि तिथे 'छत्री'त एच किती यावरून वाद पेटतो. आईच्या मते दोन, बाबांच्या मते एक, बँकेच्या मते तीन चुका झाल्या म्हणून खाते बंद. वाद मिटेपर्यंत छत्रीऐवजी 'पोपट' घ्यावा.

नातवंडांची नावे, जन्मसाल, कुलदैवत आणि सोसायटीचे नाव वर्ज्य. ह्या चारही गोष्टी आईच्या फेसबुकवर फुलांच्या चौकटीत आहेत.

पाठ तिसरा: ओटीपी

'ओटीपी कोणालाही सांगायचा नाही.' हे वाक्य पाठ करून घ्यायला दोन मिनिटे लागतात आणि ते टिकतेही तेवढेच. कारण पुढच्याच आठवड्यात तुम्ही बंगळुरूहून फोन करता, "आई, तुझ्या फोनवर एक नंबर आलाय बघ, पटकन सांग, तिकीट जातंय." ती पटकन सांगते. फोनवरून घाई करणाऱ्या माणसाला आकडे वाचून दाखवायची सवय चोरांनी लावलेली नाही, ती आपण लावली आहे.

त्यात गॅसवाला दारात सिलिंडर टेकवून कोड मागतो. रिक्षावाला मागतो. दोघांनाही द्यावाच लागतो. मग 'कोणालाही' म्हणजे नक्की कोणाला, असे बाबा विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. तेव्हा नियम असा लिहून द्या: आपण मागवलेली वस्तू डोळ्यांसमोर उभी असेल, तर तिच्यापुरता कोड सांगायचा. फोनवर मागितला, तर मागणारा पोटचा पोर असला तरी नाही. ह्यामुळे तुमचे तिकीट जाईल. जाऊ द्या.

पाठ चौथा: यूपीआय

पैसे घ्यायला पिन लागत नाही. द्यायला लागतो. जुना सोफा विकत घेतो म्हणणारा कोणी 'पैसे यायला पिन टाका' म्हणाला, तर सोफा ठेवून घ्यावा.

पाठ पाचवा: फोन कापणे

सगळी पुस्तिका ह्या पाठासाठी आहे. वरचे चार राहिले तरी चालतील.

विद्यार्थी अडाणी नाही, सभ्य आहे. आपल्याकडे फोन ठेवायलाही विधी आहे: "बरं मग", "चला", "ठेवू?", "हो, ठेव", त्यानंतर "अगं, एक सांगायचंच राहिलं" आणि तिथून पुढे पंधरा मिनिटे. समोरचा बोलत असताना मधेच लाल बटण दाबणे हे ताटावरून उठून जाण्याइतके वाईट. चोर ह्याच भांडवलावर धंदा करतो. दारावर मनाईची पाटी लावणारे बाबा फोनवर "मुख्य कार्यालयातून बोलतोय" एवढे ऐकले की खुर्चीत ताठ होतात आणि "बोला साहेब" म्हणतात. हयातभर नोकरीत वरच्या साहेबाचा फोन ठेवलेला नाही, तो निवृत्तीनंतर कसा ठेवणार? नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचे दिवस येतात, तेव्हा तर "तुमचा दाखला अपडेट झालेला नाही, पेन्शन थांबेल" म्हणणाऱ्याला ते ओटीपीच काय, पत्रिकाही पाठवतील.

'डिजिटल अरेस्ट' हा ह्याच दुखऱ्या जागेवरचा घाव. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, कोणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये हे स्पष्ट सांगितले. पण आज्ञाधारक माणूस गणवेश बघतो, कलम विचारत नाही.

सराव असा करून घ्या. शेजारच्या खोलीतून तुम्ही साहेब बनून फोन लावा. पहिल्या इयत्तेत "राँग नंबर" म्हणून ठेवणे पुरे. दुसरीत साहेबाचे वाक्य अर्ध्यावर असताना ठेवणे. तिसरीत काहीच न म्हणता ठेवणे, ही सर्वांत अवघड. आई इथे हमखास "नमस्कार हं" म्हणून जाते. ठेवल्यानंतर तिला हुरहूर लागेल, बिचारा खरंच बँकेतला असला तर? खरी बँक भाजी मार्केटसमोर आहे. पासबुक घेऊन जावे. परत फोन मात्र लावायचा नाही.

झालेच काही तर

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, आणि लगेच बँकेला फोन. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, म्हणून जितके लवकर कळवाल तितका तो मधे कुठेतरी अडकण्याची आशा जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे पिन-ओटीपी आपणच सांगून बसलो, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे.

इथे परीक्षा तुमची आहे. 'तुला किती वेळा सांगितलं होतं' हे वाक्य ज्या घरात तयार असते, त्या घरात बातमी चार दिवसांनी कळते, तीही शेजारच्या काकूंकडून. ते वाक्य गिळून टाका. वाटलेच तर डायरीत लिहा.

प्रात्यक्षिक परीक्षा

मित्राच्या फोनवरून आईला फोन लावा. "आई, माझा फोन पाण्यात पडला, ह्या नंबरवर ताबडतोब वीस हजार पाठव." पाठवले, तर पाठ पाचवा पुन्हा. "जेवलास का?" विचारून पाठवले नाहीत, तर उत्तीर्ण. अर्ध्या वाक्यात फोन कापला, तर विशेष प्रावीण्य.

हल्ली आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून घरचा एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. पैशाची गोष्ट निघाली की तो विचारायचा. बाबा हा नियम फार मनावर घेतील. तुम्ही तुमच्याच नंबरवरून, तुमच्याच आवाजात, दिवाळीचं आरक्षण मिळालं नाही एवढं सांगायला फोन कराल, तरी आधी शब्द विचारतील. तो तुम्हाला आठवणार नाही.

"बाबा, मीच बोलतोय!"

"सगळे असंच म्हणतात."

आणि फोन कट. पूर्ण गुण द्यावेत आणि तत्काळमध्ये तिकीट बघावे.