दहावी ‘ब’, मार्च १९८३ : संमेलनास निघणाऱ्यांसाठी सूचना

शाळा कुडाळची आणि निम्मा वर्ग मुंबईत, असे गृहीत धरून या सूचना केल्या आहेत. इतरांनी गावाचे आणि गाडीचे नाव बदलून घ्यावे. बाकी मजकूर बदलावा लागणार नाही.

सर्वप्रथम तारीख. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते (१ नोव्हेंबर २०२४पूर्वी १२० दिवस होते) आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर संमेलनाची तारीख आठवडाभर आधी ठरते. या दोहोंमधल्या अंतराला प्रतीक्षा यादी म्हणतात. तत्काळची सोय आहे. आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यासाठी सकाळी दहाला, स्लीपरसाठी अकराला मोबाइल घेऊन बसावे आणि अकरा वाजून तीन मिनिटांनी एसटीची चौकशी सुरू करावी.

एसटीत वर्गातल्या मुलींना १७ मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे. मुलांना पासष्टीपर्यंत थांबावे लागेल. शाळेतही त्याच पुढे होत्या, तेव्हा कुरकुर करू नये. आपण दहावीत असताना कुडाळला रेल्वेच नव्हती, हे शेजारच्या तरुणाला एकदाच सांगावे. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ला, म्हणजे बहुधा त्याच्या जन्माच्या आधी. त्याच्या लेखी तुम्ही शिवकालीन आहात.

घरच्या दुधाची, कुंड्यांची आणि गॅस सिलिंडरची व्यवस्था लावावी. ‘दोन दिवसांसाठी नवा शर्ट कशाला?’ या प्रश्नाला उत्तर नाही, ते शोधू नये. केस रंगवायचे असल्यास चार दिवस आधी रंगवावेत. आदल्या रात्री रंगवलेले केस ग्रुप फोटोत वेगळे मोजावे लागतात.

आता मुख्य अभ्यास. जुना वर्गफोटो काढून रोज एक रांग पाठ करावी. अडचण अशी की वर्गात सावंत चार, परब तीन आणि गावडे प्रत्येक बाकावर. हजेरीत आडनाव आधी यायचे, मैदानात टोपणनाव. खरे नाव फक्त प्रगतिपुस्तकाला ठाऊक होते. टोपणनाव आठवले तरी ते त्याच्या सुनेसमोर उच्चारू नये. माणूस ओळखूच आला नाही, तर ‘अजून तिथेच का?’ असे विचारावे. हा प्रश्न घर, नोकरी आणि पक्ष या तिन्हींना लागू पडतो. समोरून ‘मेल्या, खंय होतंस?’ असे आले, तर ते स्वागत आहे. पत्ता सांगत बसू नये.

आठवणींच्या सत्रात वह्यांचा किस्सा हमखास निघेल. आठवीपर्यंत आपण वहीवर ‘जिल्हा रत्नागिरी’ लिहीत होतो. १ मे १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि जूनमध्ये नववीच्या कोऱ्या वहीवरही कोणीतरी रत्नागिरीच लिहिले. सरांनी त्याला बाकावर उभे केले. तो कोणीतरी कोण, याचे आजवर निदान पाच दावेदार आहेत आणि पाचही जण शपथेवर सांगतात. त्यांपैकी एक त्या वर्षी कणकवलीच्या शाळेत होता. तरीही कोणाला खोडून काढू नये. इतक्या वर्षांनी शिक्षेवर हक्क सांगणारी माणसे दुसरीकडे कुठे मिळणार? शिवाय तुम्ही सहावे असण्याची शक्यता आहेच.

सर अजून खणखणीत असतील. ते तुम्हाला तुमच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारतील. लगेच दुरुस्ती करू नये, कारण त्याच्या अक्षराचे कौतुकही तुमच्याच पदरात पडणार आहे. गणिताचा विषय निघाल्यास मात्र खरे नाव सांगून मोकळे व्हावे.

भाषणे टाळता येत नाहीत. ‘मी बोलणार नव्हतो’ अशी सुरुवात करणारा सर्वांत जास्त बोलतो, तेव्हा त्याच्या आधी जेवून घ्यावे. सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नये.

परतल्यावर खजिनदार हिशेब टाकील. काही रक्कम शिल्लक राहील आणि त्यातून शाळेला पंखा द्यावा, असे एकमताने ठरेल. पात्यांवर देणगीदारांची नावे रंगवायची, हेही एकमताने ठरेल. पंख्याला पाती तीन, वर्गणी देणारे सदतीस. पुढच्या संमेलनाची तारीख या वादातूनच निघते. तिकिटे आत्ताच काढून ठेवावीत.