कर्जत फास्टमधलं तर्कशास्त्र

भाचीनं अकरावी आर्ट्सला तर्कशास्त्र घेतलं आणि आमच्या कर्जतच्या घरात साधं बोलायची सोय राहिली नाही. आजी म्हणाली, "तो येऊन गेला नि लगेच मिक्सर बिघडला. पायगुणच वाईट मेल्याचा." भाची म्हणाली, "आजी, हा काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"मग कावळ्याला सांग, दुसरीकडे बस."

यावर कुठल्याच शास्त्रात उत्तर नाही.

खरं तर या विषयाला आमच्याइतका सोयीचा मुलूख नाही. न्यायशास्त्राचं शतकानुशतकं घोटलेलं उदाहरण डोंगराचंच: डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो, जिथं धूर तिथं अग्नी, जसा स्वयंपाकघरात, इथंही तसाच धूर, म्हणून अग्नी आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ॲरिस्टॉटलनं तीन पायऱ्यांत भागवलं, पण त्याला आमच्या आजीला पटवायचं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये हे अनुमान चोख लागू पडतं: कुठं राब भाजत असतात, कुठं वणवा लागलेला असतो. जुलैत मात्र फार्महाऊसवरचा पाहुणा भोर घाटाकडे बोट करून "आग! आग!" ओरडतो आणि ते निव्वळ धुकं असतं. इथं हेतूच असिद्ध. वाफेला धूर समजणारे लोक नैयायिकांनाही भेटले होते. आणि अग्नी तिथं धूर, असं उलटंही चालत नाही. त्यासाठी त्यांनी तापलेला लोखंडी गोळा पुढे केला होता. बायकोनं गॅसची शेगडी दाखवली आणि चहाचं आधण ठेवलं.

नीतिशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे संध्याकाळची कर्जत फास्ट. तिघांच्या बाकाशी चौथा येऊन "जरा सरका" म्हणतो. बेंथमच्या हिशेबानं तिघांची थोडी अडचण नि एकाच्या पायांची सुटका, तेव्हा सरकावं. (चौथ्याचं अर्धंच बूड टेकतं, म्हणून सुखही अर्धंच धरावं.) कांटचा सवाल वेगळा: तुम्ही रुमाल टाकून जागा धरलीत, पण सगळ्यांनीच टाकला तर? तर रुमाल बसून जातील आणि माणसं उभ्यानं. १७८५ च्या पुस्तकात त्यानं हे इतकं सोपं करून सांगितलेलं नाही.

भाचीचा लाडका प्रश्न फिलिपा फूटबाईंचा, १९६७ सालचा. ट्राम आवरेनाशी झालीय. समोर रुळावर पाच माणसं, फाट्यावर एक. चालकानं ती कुठं वळवावी? तिनं तो शेजारच्या, रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांना घातला. काकांनी चष्मा पुसला.

"अगं, घाटात ३७ फुटांना १ फूट उतार. १८६३ पासून गाड्या उतरतायत. कॅच सायडिंग कशाला असतं? उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबायचं. ती ताब्यात आहे हे दिसलं, की मगच सांधा मेन लाइनला. नाही थांबली, तर जाते चढावरच्या सायडिंगला."

"पण काका, प्रश्नात सायडिंग नाहीये."

"मग ज्यानं लाइन टाकली त्याला आधी सस्पेंड कर."

पाच की एक, यावर तत्त्वज्ञ अजून वाद घालतायत, आणि त्यातला बराचसा वाचण्यासारखा आहे. पण माझ्या मते काकांचं उत्तर जास्त नैतिक आहे. बोर्डाच्या पेपरात मात्र कोणी लिहू नये, मार्क जातील.