पाचशे एकावा महासंगणक

आमच्या घरी आता लिनक्स आहे. पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत दम धरणारा लिनक्सवाला अजून जन्माला यायचा आहे. विंडोजवाला आपण काय वापरतो हे आपणहून कधी सांगत नाही. मॅकवाल्याला सांगावं लागत नाही; तो कॉफीच्या दुकानात लॅपटॉपचं झाकण चारचौघांकडे करून बसतो. आमच्याकडे आहे जुना डेस्कटॉप. त्याचा डबा टेबलाखाली, पायपुसण्याशेजारी. मग मिरवायला तोंडच वापरावं लागतं.

हे पक्षांतर मी तत्त्वासाठी केलं, असं सगळ्यांना सांगतो. पक्षांतर करणारा प्रत्येक जण ते तत्त्वासाठीच करतो, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. खरं कारण असं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. वर्षभराची मुदतवाढ घेता येत होती, पण मुदतवाढीवर फार दिवस निघत नाहीत हे सरकारी नोकराच्या मुलाला कळतं. विंडोज ११ घ्यायचं, तर संगणकात टीपीएम २.० नावाची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा. आमचा चौथ्या पिढीचा. लग्न जमवतानासुद्धा आठ पिढ्यांची चौकशी कोणी करत नाही हो!

इथे मला मनापासून राग आला, तो अजून गेलेला नाही. यंत्र बिघडलं म्हणून काढून टाकणं मी समजू शकतो. आमचं यंत्र ठणठणीत होतं. पंखा थोडा कुरकुरायचा, की-बोर्डावरची काही अक्षरं पुसली गेली होती, पण सकाळी बटण दाबलं की हजर. आणि एका तारखेला ते कागदोपत्री मयत झालं. पेन्शनरला निदान नोव्हेंबरात हयातीचा दाखला तरी देता येतो. आमच्या संगणकाला ती सोय नव्हती. नवा घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजारांची बात. लिनक्स फुकट. वर त्याच्यामागे स्वातंत्र्य, सहकार, ज्ञानाचा मुक्त प्रसार अशी भारदस्त तत्त्वं. एखादी गोष्ट फुकटही आहे आणि तात्त्विकही आहे, हा योग मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या पत्रिकेत क्वचित येतो. तो मी सोडणार नव्हतो.

संगणकावर लिनक्स मी टाकलं. म्हणजे पेनड्राइव्ह भाच्याने बनवून आणला, तो भाच्याने लावला, बटणं भाच्याने दाबली. मी मागे उभा राहून ‘हं’ म्हणत होतो. लिनक्सचे प्रकार पुष्कळ. भाच्याने आमच्यासाठी मिंट निवडलं. विंडोजमधून आलेल्यांना ते बुजवत नाही, असं त्याचं म्हणणं. मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देण्याची पद्धत आहे आणि आमच्या वाट्याला आली ती २२.२, नाव झारा. “मामा, झारा टाकतोय,” असं तो बाहेरून ओरडला तेव्हा आईने आतून उत्तर दिलं, “टाकू नको रे, चकल्यांना लागतो.”

मग सुरू झाला माझा सुवर्णकाळ. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी खिडकी असते. तीत पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या. मला येणारी आज्ञा एकच, नवे अपडेट शोधण्याची. पण ती दिली की पडद्यावर ओळींमागून ओळी धावत सुटतात आणि मी एखाद्या बँकेच्या तिजोरीत शिरल्यासारखा दिसतो. पाहुण्यांनी चहाचा कप उचलला की मी खिडकी उघडतो. आज्ञेनंतर पासवर्ड विचारतात. तो लिहिताना पडद्यावर नुसते तारे उमटतात. अक्षर एकही नाही. गुप्तता इतकी, की लिहिणाऱ्यालाही पत्ता लागू द्यायचा नाही. ओळी धावत असताना मी सहज म्हणून सांगतो, की हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या पोराने १९९१ मध्ये हे आपला छंद म्हणून सुरू केलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांची ५०० जणांची यादी निघते. २०१७ पासून त्या पाचशेच्या पाचशेंवर लिनक्स चालतं. “आणि पाचशे एकावा,” असं म्हणून मी टेबलाखाली बोट दाखवतो. पाहुणे वाकून पायपुसणं बघतात.

या सुवर्णकाळाला दृष्ट लागली ती घरच्यांची. बायकोने लिनक्सवर विजेचं बिल भरलं, दोन सिनेमे पाहिले, बहिणीला फोटो पाठवले आणि कसली तक्रारच केली नाही. मी भाषण तयार ठेवलं होतं, की नव्याची सवय व्हायला वेळ लागतो, धीर धर. ते वाया जाणार असं दिसल्यावर मीच विचारलं, “मग? कसं वाटतंय लिनक्स?” ती म्हणाली, “अहो, बदलणार होतात ना? कधी बदलताय?” आई दुपारी संगणकावर पत्ते खेळते. तिला फरक कळला. “जाहिराती गेल्या मेल्या,” असं म्हणून तिने एक्क्यावर दुर्री ठेवली. चौतीस-पस्तीस वर्षांच्या जागतिक चळवळीचा आमच्या घरात लागलेला निकाल एवढाच.

माझी स्वतःची गाडी मात्र अडली ती मराठीपाशी. आता हा विषय निघालाच आहे, तर थोडं सविस्तर सांगतो. ज्यांना फॉन्टमध्ये रस नाही त्यांनीही वाचावं, कारण ज्यांना आहे त्यांना हे सगळं माहीतच आहे.

मराठीत कधीही काही छापून आणलं असेल, तर छापखान्यातला तो प्रश्न तुम्ही ऐकला असेल: “मजकूर श्रीलिपीत आहे का युनिकोडमध्ये?” लग्नपत्रिका असो, दिवाळी अंक असो किंवा श्रद्धांजलीचा फलक, प्रश्न ठरलेला. संगणकाला आपलं देवनागरी समजत नव्हतं, त्या काळात मंडळींनी एक शक्कल काढली. संगणकाला इंग्रजी अक्षरं कळतात ना, मग त्या अक्षरांच्या घरांत मराठी आकार नेऊन बसवले. एका घरात काना, दुसऱ्यात मात्रा, तिसऱ्यात अर्धा ‘स’, चौथ्यात रफार. तुम्हाला पडद्यावर मराठी दिसायचं, पण संगणकाच्या वहीत इंग्रजीच असायचं. त्यावर अख्खी मराठी छपाई उभी राहिली, तेव्हा शक्कल वाईट म्हणता येणार नाही. गोम अशी, की कोणता आकार कोणत्या घरात हे प्रत्येक फॉन्टवाल्याने आपापलं ठरवलं. श्रीलिपीचा संसार वेगळा, आकृतीचा वेगळा. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की भाषा नाहीशी.

आणि दुर्दैव म्हणजे सोय तेव्हाही होती. मराठी-हिंदीसाठी इनस्क्रिप्ट हा सरकारी की-बोर्ड १९८६ पासून आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, इतका सरळ हिशेब. प्रत्येक लिपीला जगभर एकच ठरलेली घरं देणारी पद्धत म्हणजे युनिकोड; त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःची घरं मिळाली होती. लिनक्सही त्याच वर्षीचं. पण आपण कित्येक वर्षं भाड्याच्याच घरात राहिलो, कारण टायपिस्टांना जुनी सवय, छापखान्याला जुने फॉन्ट आणि ग्राहकाला उद्याच्या उद्या पत्रिका हवी.

त्यातून ‘ऱ्य’. हे मराठीचं खास लेणं. हिंदीला ते लागत नाही, म्हणून हिंदीवाल्यांनी केलेल्या सोयीत ते सापडत नाही. अर्धा ‘र’ डोक्यावर गेला की दर्या, म्हणजे समुद्र. तोच पापणीसारखा पुढच्या अक्षराला चिकटला की दऱ्या, म्हणजे सह्याद्री. आचार्यांना पाच रुपये द्यायचे की आचाऱ्यांना, हा प्रश्न शाळेतल्या व्याकरणापुरता ठीक. पण वर्षानुवर्षं लोक ‘दुस-या’ असं मध्ये आडवी रेघ मारून वेळ भागवत आले. इनस्क्रिप्टमध्ये ते अगदी सोपं आहे: शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरपी रेघ. मी हे जेवायला बसलेल्या माणसांनाही शिकवलेलं आहे.

हे सगळं आत्ताच सांगायचं कारण म्हणजे अण्णांच्या फायली.

अण्णा, माझे वडील, पाटबंधारे खात्यात लिपिक होते. मराठी ३०, इंग्रजी ४० पास; त्या आकड्यांचा अर्थ त्या पिढीला सांगावा लागत नाही. निवृत्तीनंतर ते आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सचिव झाले आणि टाइपरायटरवरचा हात त्यांनी संगणकावर चालवला. त्यांचं समग्र वाङ्मय म्हणजे सोसायटीच्या नोटिसा. भाच्याने फायली सगळ्या जपून इकडे आणल्या, फॉन्ट मात्र विंडोजबरोबर गेला. पहिली फाइल उघडली तर पडद्यावर डोक्यावर टोपी घातलेला ए, पोटाखाली शेपूट फुटलेला सी, उलटं प्रश्नचिन्ह आणि मधूनच पौंडाची खूण. खाली अण्णांच्या सहीसाठी सोडलेली जागा तेवढी ओळखीची.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. एकामागून एक लावून पाहिली, तेव्हा एकाला अण्णांची भाषा कळली. नोटिसा वर येऊ लागल्या. ‘गच्चीवर वाळवण घालणाऱ्या सभासदांनी कावळ्यांची जबाबदारी स्वतः घ्यावी.’ ‘कचऱ्याचा डबा दुसऱ्याच्या दारात सरकवणारे कोण, हे समिती ओळखून आहे.’ म्हणजे लिहिलं होतं हे. साधनाने दिलं ‘कचर्याचा’ आणि ‘दुसर्याच्या’. सोसायटीचा सगळा कारभार ‘ऱ्य’वर चालतो, हे मला त्या रात्री कळलं. कचऱ्या, पायऱ्या, तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू. मोऱ्या तुंबल्याची नोटीस होती, तिथे ‘मोर्या तुंबल्या आहेत’ असं आलं. गणपतीच्या दिवसांत वाचणाऱ्याने काय समजायचं? मी एकेक दुरुस्त करत बसलो. शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ.

मग २००९ ची एक फाइल आली. ‘लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे. वरच्या मजल्यांवरील ज्येष्ठांना खालून दूध, औषधे अथवा भाजी हवी असल्यास सचिवांना कळवावे. पायऱ्या चढण्याची सचिवांना सवय आहे.’ त्या वर्षी अण्णांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरत होतं. ते पुढे ढकलत होते आणि का, ते सांगत नव्हते. आईला दाखवलं. तिने पत्ते बाजूला केले, चष्मा लावून नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “चौथ्या मजल्यावरच्या काकूंना रोज ताकाची पिशवी. घरी मात्र पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागायचा.”

अलिबागजवळ आक्षीला शके ९३४ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. हजार वर्षं ऊन-पाऊस खाऊनही अभ्यासकांनी तो वाचला. अण्णांची नोटीस पंधरा-सोळा वर्षांत वाचेनाशी झाली, ती अक्षरं झिजल्यामुळे नाही. ती लिहिली होती दुसऱ्याच्या मालकीच्या आकारांत, म्हणून. यंत्र कोणत्या तारखेला मेलं ते कंपनी ठरवणार, आपण लिहिलेलं वाचता येणार का ते फॉन्ट ठरवणार, आणि आपण मात्र दर वेळी नवं यंत्र घेऊन खूश. लिनक्स श्रेष्ठ की विंडोज, या वादात मी आता फारसा पडत नाही. (पाहुणे आले तर पडतो.)

तेव्हा तुम्ही कोणत्याही पक्षातून कोणत्याही पक्षात जा, एवढं आधी करा. जुन्या संगणकातल्या मराठी फायली आजच उघडून बघा. दिसतायत तोवर फॉन्टचं नाव कागदावर लिहून ठेवा आणि सगळं युनिकोडमध्ये करून घ्या. ‘ऱ्य’ मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. ते काम पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी कोणी तुमच्यासाठी करणार नाही आणि पाचशे एकाव्यालाही ते जमलेलं नाही.