वाड्याचं सागवान

पुण्यात कुठे वाडा पाडायला घेतला की तिसऱ्या दिवशी हे गृहस्थ तिथे हजर. वारसांना नसेल इतकी हळहळ यांच्या चेहऱ्यावर. हातात मोजपट्टी आणि तोंडी एकच वाक्य, “असं सागवान आता मिळत नाही हो!” मिळत नाही म्हणत दर सहा महिन्यांनी ते एक दार घरी आणतात. ते लिफ्टमध्ये मावत नाही.

पाहुण्यांना सांगतात, “पेशवाईतलं.” बिजागरीवर ‘मेड इन इंग्लंड’ कोरलेलं असतं, तिच्यापुढे कुंडी ठेवलेली असते.

दाराचं वय सांगायची हौस दांडगी. पण त्या लाकडाने इतक्या वर्षांत कोणाकोणाला पोसलं, ही चौकशी मात्र मिस्त्रीलाच करावी लागते. तो आधी लोहचुंबक फिरवतो, कारण आत एखादी मोडकी चूक राहिली तर रंध्याचं पातं गेलंच. मग लाकडातल्या बारीक भोकांखाली काळा कागद पसरून आठवडाभर वाट बघतो. कागदावर पिठासारखी पूड पडली, तर आत अळीची पंगत चालू आहे. सागाचा गाभा तिला सहसा रुचत नाही. कडेचं पांढरं लाकूड म्हणजे पक्वान्न.

“चार दिवस उन्हात ठेवू की!” इति गृहस्थ. आता कीड मरावी म्हणून निर्यातीच्या लाकडी पॅलेटना नियम असा, की गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं पोचली पाहिजे. गच्चीवर तेवढे फक्त गृहस्थ तापतात. मिस्त्रीचा भर टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यावर. पण ते कोऱ्या लाकडातच मुरतं, रंगावरून नुसतं ओघळतं.

म्हणजे रंग काढणं आलं, आणि घोळ इथेच होतो. गृहस्थांनी दिवाणखान्यातच घासायचं मशीन लावलं. नातू रांगतोय, हवेत हिरवी धूळ. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. मिस्त्रीने आधी प्लग काढला, मग नातवाला उचललं. रंग ओला करून खरवडायचा, तोही घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून, हे त्याने मालकांना दोनदा सांगितलं.

यंदा डायनिंग टेबलासाठी रेल्वेचा जुना स्लीपर आलाय. मिस्त्रीने वास घेतला आणि हत्यारं पिशवीत भरली. जुन्या लाकडी स्लीपरांना अनेकदा क्रिओसोट पाजलेलं असतं. कोळशाच्या डांबरातलं हे तेल, कर्करोगाच्या संशयितांपैकी एक. त्यावर पोळी-भाजी वाढायला तो टेबल करून देणार नाही.

स्लीपर सध्या पार्किंगमध्ये आहे. सोसायटीची दुसरी नोटीस परवाच आली.